अंड्यांच्या गाडीचा ब्रेक

पूर्वी स्थळ घेऊन आलेली माणसं आधी पत्रिका मागायची, मग पगार विचारायची आणि निघता निघता हळूच फ्लॅट कुणाच्या नावावर आहे ते काढून घ्यायची. ही गोष्ट घडली तोवर हा क्रम पार बदलला होता. चहाचा कप खाली ठेवायच्या आत मुलीकडचे विचारायचे, "चालपत्रिका काढलीय ना मुलाची?" पुण्यातल्या वधूवर मंडळांनी मंगळ आणि नाडी शेवटच्या पानावर ढकलली होती आणि पहिल्या पानावर मुलगा गाडी कशी चालवतो ते छापायला सुरुवात केली होती. हसण्यासारखं त्यात काही नाही. मंगळाने कुणाचा संसार मोडलेला कुणी डोळ्यांनी पाहिला नाही; पण हॉर्नवरून हात न काढणारा आणि सिग्नलला रिक्षावाल्याच्या अंगावर धावून जाणारा जावई गल्लोगल्ली होता.

या उद्योगाच्या मुळाशी होती सानिका इंगवले. तिने तो लग्नांसाठी केला नव्हता, हे तिच्या बाजूने सांगायला हवं. एका संशोधन केंद्रात ती अपघात कमी करण्याच्या कामावर होती. गाडीत बसवलेलं छोटं यंत्र स्टिअरिंग किती वळलं, कोणत्या पेडलवर किती दाब पडला, पुढच्या गाडीपासून किती अंतर राहिलं, चालकाची नजर कुठे होती, हे सगळं अखंड टिपायचं. अशा शेकडो सवयी टिपल्यावर गणिताने दाखवून दिलं की त्या सुट्या सुट्या नसतात, गठ्ठ्याने वावरतात. जो पुढच्या गाडीला चिकटतो तोच पिवळा दिवा बघून वेग वाढवतो, आणि तोच कारण नसताना लेन बदलतो. आमटीची चव घरोघरी वेगळी असली तरी शेवटी ती मीठ, तिखट, आंबट, गोड एवढ्यावरच येते, तसं हे. चालकाच्या वागण्याचे पाच घटक निघाले. केंद्राच्या अहवालात त्यांना लांबलचक नावं होती. लोकांनी ती नजर, अंतर, घाई, राग आणि वाट अशी करून टाकली. राग म्हणजे कुणी आडवं घुसलं की पाय पुन्हा शांत व्हायला लागणारा वेळ. वाट म्हणजे नियमाने बांधलेलं नसताना, कुणी बघत नसताना, दुसऱ्याला पुढे जाऊ देणं.

अडचण होती तुलनेची. लक्ष्मी रोडच्या गर्दीत गाडी काढणारा आणि मोकळ्या महामार्गावर चालवणारा, या दोघांना एका तराजूत कसं तोलायचं? ते सानिकाने सोडवलं. त्या त्या रस्त्यावर, त्या त्या गर्दीत सगळे चालक सरासरी जे करतात ते प्रत्येकाच्या नोंदीतून वजा करायचं. "रस्ता वजा केला की उरतो तो माणूस," असं ती व्याख्यानात म्हणायची आणि लोक टाळ्या वाजवायचे. दुसरी तिची अट होती खाजगीपणाची. कॅमेऱ्याने चेहरा टिपायचा नाही, फक्त नजरेची दिशा ठेवायची. वरिष्ठ कुरकुरले, पण ती हटून बसली. एखादा दिवस कुणीही शहाण्यासारखी गाडी चालवेल, सलग दोन महिने नाही चालवणार. मग चेहरा हवाच कशाला?

तिला हे सगळं सुचलं कुठून, ते तिने व्याख्यानात कधी सांगितलं नाही. तिचे वडील हणमंत इंगवले शिरवळचे. पोल्ट्रीतून अंडी उचलायची आणि पुण्याच्या दुकानांना पोचवायची, हा त्यांचा जन्मभराचा धंदा, स्वतःचा टेम्पो स्वतः चालवून. आई लवकर गेली, त्यामुळे शाळेला सुट्टी असली की सानिका टेम्पोत त्यांच्या शेजारी. पप्पा कुणावर हॉर्न वाजवत नसत. म्हातारं माणूस, शेळ्या, कॉलेजची पोरं, कुणीही रस्त्याच्या कडेला घुटमळलं की ते लांबूनच पाय उचलत आणि हाताने 'जा' म्हणून खुणावत. जगातले सगळे पुरुष असेच असतात असं तिला बरीच वर्षं वाटत होतं. मग ती शिकायला पुण्यात आली.

स्थळं येऊ लागली तेव्हा तिने एकामागून एक नाकारली. कुणाचा राग चढा, कुणाची घाई आवरेना, कुणाची वाट तर शून्याला टेकलेली. "अगं, नवरा शोधतेयस की ड्रायव्हर?" मावशी वैतागून म्हणाली आणि तिने स्थळं आणणंच बंद केलं.

अशात कौस्तुभ जगदाळेची पत्रिका आली. कौस्तुभ पोल्ट्र्यांचा डॉक्टर होता, शिरवळ-भोर भागातल्या शेडवर कोंबड्या तपासत फिरायचा, आणि म्हणून पप्पांच्या ओळखीतला. सानिकाने ती पत्रिका उघडली आणि खुर्चीत मागे टेकून बसली. इतकी वाट देणारा माणूस तिने आजवर आकड्यांत पाहिला नव्हता. कुणी आडवं घुसलं तर याचा पाय जणू त्याची क्षमा मागूनच पुढे जायचा. मुलाला बघायच्या आधीच तिने शिरवळला फोन लावला. "पप्पा, हा मला आवडलाय."

"बघ बाई," पप्पा म्हणाले. "तुजं तू ठरीव."

लग्न झालं. कौस्तुभने पुण्यातल्या एका लसीच्या कंपनीत नोकरी धरली. तो कंपनीच्या बसने जायचा आणि घरची गाडी सानिकाच चालवायची. "मला पुण्यात चालवायचा कंटाळा येतो," तो म्हणाला, आणि बायकोच्या हातात किल्ली देताना ज्याला कमीपणा वाटत नाही असा नवरा मिळाल्याचं तिने मैत्रिणींना सांगितलं. संसार चांगला चालला होता. तो फार बोलायचा नाही. त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ काय, हा प्रश्न तिला कधी पडलाच नाही, कारण उत्तर तिने आधीच वाचलेलं होतं. पहिल्याच वर्षी तिचं बाळ पोटात असतानाच गेलं. हॉस्पिटलात सासूबाई रडत होत्या, मावशी डॉक्टरांशी भांडत होती, आणि कौस्तुभ तिची पर्स मांडीवर घेऊन कॉटशेजारी दिवसभर गप्प बसून होता. संध्याकाळी तिने त्याचा हात धरला आणि म्हणाली, "तुझ्याइतका धीराचा माणूस मी पाहिला नाही." त्या दिवसात तिला आधार होता तो एवढाच.

लग्नाला दोन वर्षं होत आली तेव्हा केंद्राकडे तक्रारी यायला लागल्या. पत्रिकेला भाव आला तसे डमी आले. मुलाच्या गाडीत दोन महिने दुसऱ्याच कुणी शांत माणसाने बसायचं आणि पत्रिका मुलाच्या नावावर काढायची. नोंदीत चेहरा नाही, तेव्हा पकडणार कसं? ज्या अटीसाठी सानिका हटून बसली होती, तिचीच ही फळं होती, त्यामुळे उपायही तिच्याच गळ्यात पडला. तिला खात्री होती की उपाय आहे. दोन माणसांचे पाचही घटक सारखे येऊ शकतात, शाळेत दोघांना सारखे मार्क पडतात तसे. पण म्हणून हस्ताक्षर सारखं येत नाही. ब्रेकवर पाय कसा उतरतो, वळणानंतर स्टिअरिंग कसं सैल सोडलं जातं, असल्या बारीक लकबी जुळवून एकच माणूस ओळखणारी पद्धत तिने बांधली. पद्धत खरी की खोटी हे बघायला ओळखीच्या माणसांच्या नोंदी हव्या होत्या. तिने स्वतःची, पप्पांची टेम्पोतली, कौस्तुभची पत्रिकेच्या वेळची, केंद्रातल्या चारचौघांची, अशा नोंदी संमती घेऊन आत घातल्या. संमती मागितली तेव्हा कौस्तुभ "माझी कशाला?" म्हणाला होता, आणि तिने लाजाळूपणा समजून त्याच्या गालाला चिमटा काढला होता.

आलेखावर सगळी माणसं एकमेकांपासून लांब लांब पडली. दोन तेवढी एकमेकांवर चढून बसली, पप्पा आणि कौस्तुभ.

आपली पद्धत चुकतेय, असं तिने धरलं. दुसरं काही धरायचं तिच्या मनातही आलं नाही. आठवडाभर ती चूक शोधत होती. सापडेना, तेव्हा तिने शेजारच्या टेबलावरच्या फैयाजला बोलावलं. नोंदींवर नावं नव्हती, क्रमांक होते.

फैयाजने दोन्ही आलेख बाजूबाजूला लावले आणि शीळ घातली. "कोण आहे हा? याच्या गाडीत मी माझ्या नानीला डोळे मिटून बसवीन."

"हे दोघे आहेत. तेच तर कळत नाहीये."

"दोघे कसले? एकच आहे. हे बघ." त्याने ब्रेकची रेघ मोठी केली. "थांबायच्या आधी दोन हलके ठोके देतो, मग खरा ब्रेक. इथेही तेच, तिथेही तेच, प्रत्येक वेळी. इतक्या नोंदी पाहिल्या, असं करणारा दुसरा नाही पाहिला. तुझी पद्धत झकास चालतेय, सानिका. अभिनंदन! आणि या गड्याला सांग, डमी घ्यायचा तर जरा बरा-वाईट घ्यायचा असतो. एवढा चांगला घेतला तर पकडला जाणारच."

सानिका हसली. मग ती ब्रेकची रेघ तिने पुन्हा जवळून पाहिली.

ते दोन ठोके तिला पाठ होते. फ्रॉक घालायची तेव्हा तिने ते टेम्पोत बसून विचारलं होतं, की पप्पा, तुम्ही असं आधी टुकटुक का करता? तेव्हा पप्पा म्हणाले होते, "मागं ट्रे सरकत्यात. आधी त्यांस्नी सांगायचं थांबतोय म्हून, मग थांबायचं." कोंबड्या तपासणाऱ्या डॉक्टरच्या गाडीत मागे अंड्यांचे ट्रे नसतात.

"कुणाच्या आहेत गं या नोंदी?" फैयाजने विचारलं. तिने संगणक बंद केला आणि पर्स उचलली.

ती शिरवळला पोचली तेव्हा दुपार होती. पप्पा पिठलं ढवळत होते. लेकीला दारात बघून त्यांचा चेहरा उजळला. "आगं, फोन तरी करायचास! दोन भाकरी जादा थापल्या असत्या. जावई कुठं हायेत?"

"पप्पा, कौस्तुभची गाडी तुम्ही चालवलीत?"

त्यांचा हात थांबला. त्यांनी गॅस बारीक केला आणि विचारलं, "त्यानं सांगितलं व्हय?"

इतर काहीही म्हणाले असते तरी चाललं असतं. नाही म्हणाले असते तरी. दोघांनी मिळून काही झाकून ठेवलंय आणि फुटलं ते कुणाकडून, एवढीच त्यांना काळजी होती.

"तुमच्या पायाने सांगितलं," सानिका म्हणाली. "लग्नाआधी दोन महिने मी फोन करायचे तेव्हा तुम्ही म्हणायचात, दोस्ताच्या रानात आलोय. तेव्हा तुम्ही त्याच्या गाडीत होतात?"

"व्हय. तो शेजारी बसायचा. ह्या शेडवरनं त्या शेडवर. पोरगं लई गुणाचं हाय, सानू. कुनाच्या कोंबड्या मराया लागल्या तर जेवत्या ताटावरनं उठून पळायचं."

"मग त्याची खरी पत्रिका मला का दाखवली नाहीत?"

"काढली हुती की त्यानं आधी. म्या बघितली." पप्पांनी मान हलवली. "घाई ही एवढी. राग बी तसलाच. आन् वाट काय न्हाईच. तू त्याचं नाव बी घेतलं नसतंस."

"तो निर्णय माझा होता!"

"तुजाच हुता. पन तू मानूस बघतच नव्हतीस गं. कागद बघायचीस. त्या कागदावर तुला काय पायजे हुतं ते मला ठावं हुतं." ते खाली बसले. "तुला नवरा नको हुता, लेकी. तुला मी पायजे हुतो. आन् मी काय जल्मभर पुरनार हाय?"

ती जास्तच चिडली. या माणसाने आयुष्यात कुणाची वाट अडवली नाही, हे तिने जगाला मोजून दाखवलं होतं. तिचं सगळं शास्त्र त्यांच्या पायाशी बसून सुरू झालं होतं, आणि त्याच पायाने त्यांनी तिला फसवलं होतं. दुसऱ्या कुणाला जमलंच नसतं ते.

"बाळ गेलं तेव्हा तुम्ही हॉस्पिटलात आला होतात," ती म्हणाली. "मी तुम्हाला म्हटलं, पप्पा, कौस्तुभ किती धीराचा आहे बघा. तुम्ही म्हणालात, व्हय गं. तेव्हासुद्धा सांगावंसं वाटलं नाही?"

"तवा कसं सांगनार?"

"तुम्ही मला फसवलंत, पप्पा."

"फसवलं," ते म्हणाले. ते रडत होते, पण शब्द त्यांनी माघारी घेतला नाही. "जेवून जा. उपाशी नगं जाऊस."

ती न जेवता निघाली.

पुण्यात सोसायटीच्या फाटकाशी कौस्तुभ उभा होता. ऊन अजून उतरायचं होतं. "पप्पांचा फोन आला होता," तो म्हणाला. तिला पुन्हा एकदा झोंबलं. ती रस्त्यात असताना या दोघांचं बोलून झालं होतं. तिच्या पाठीमागे ही तार अजून जोडलेलीच होती.

तिने किल्ली त्याच्यासमोर धरली. "चालव."

त्याने नाही म्हटलं नाही. गाडी सातारा रस्त्याला लागली. तो जपून, पाय राखून चालवत होता. कात्रजच्या सिग्नलला थांबताना त्याने ब्रेकला दोन हलके ठोके दिले आणि मग गाडी थांबवली.

"तसं नको," सानिका म्हणाली. "ते त्यांचं आहे. तुझं दाखव."

"माझं तुला आवडणार नाही."

"मला बघायचंय."

बोगद्याच्या पलीकडे त्याने खरंच दाखवलं. गाडी एकदम पुढे झेपावली. डावीकडून ट्रक मागे टाकला, दोन गाड्यांच्या मधल्या फटीत घुसून तो पार झाला, हॉर्नवर तळहात ठेवला तो ठेवलाच. पण तिचं लक्ष त्याच्या चेहऱ्याकडे होतं. असा खुललेला चेहरा तिने लग्नाच्या मांडवातही पाहिला नव्हता. हा कोणी निराळाच माणूस होता, आणि त्याला मजा येत होती.

"मला गाडी चालवायला किती आवडतं, माहितीये तुला?" तो म्हणाला. "दोन वर्षं हात लावला नाही. तू ओळखशील म्हणून."

"आणि सांगावंसं नाही वाटलं?"

"रोज वाटायचं. पण तू रोज माझं कौतुक करायचीस. किती शांत आहेस, किती समजून घेतोस. मला ऐकताना कळायचं, हे पप्पांचं चाललंय. माझ्याच घरात मी त्यांचा डमी होतो, सानिका." त्याने समोरच्या गाडीवर दिवे मारले. "तू माझ्याशी लग्न केलंच नाहीस. मला आधी चाललं ते. तू हवी होतीस म्हणून चाललं. नंतर चालेना."

फाट्याजवळ एक बाई डोक्यावर बोचकं घेऊन रस्ता ओलांडायला उभी होती. एक पाऊल तिने पुढे टाकलं होतं. कौस्तुभने वेग कमी केला नाही. बाई दचकून मागे सरली, बोचकं कलंडलं, आणि गाडी निघून गेली. त्याने आरशात पाहिलंसुद्धा नाही. सानिका मात्र मागे वळून ती बाई दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली.

आता तिला तो प्रश्न विचारल्यावाचून गत्यंतर नव्हतं. सकाळपासून ती तो टाळत होती.

"हॉस्पिटलात त्या दिवशी तू गप्प का होतास?"

त्याने पाय उचलला. गाडी रेंगाळत कडेला गेली आणि थांबली. "सांगू?"

"खरं सांग."

"मला पळून जायचं होतं. तुझ्याकडे बघवत नव्हतं. तुझी पर्स आईच्या हातात देऊन सरळ स्टँडवर जायचं आणि मिळेल ती गाडी पकडायची, एवढंच दिवसभर डोक्यात चाललं होतं. तू कॉटवर रडत होतीस आणि मी गाड्यांचं वेळापत्रक आठवत होतो. संध्याकाळी ठरवलं, आता उठायचं. तेवढ्यात तू हात धरलास आणि म्हणालीस, तुझ्याइतका धीराचा कुणी नाही. मग कसा उठणार?"

तेव्हापासून सानिकाने त्या दिवसाला धरून ठेवलं होतं. बाळ गेलं, पण त्यातून एवढं तरी हाती आलं, असं ती मनाला समजावत आली होती. आता त्यातलंही काही उरलं नाही. तिच्या शेजारी तेव्हा कुणीच नव्हतं. तिने एकटीनेच ते सोसलं होतं, आणि ते तिला कुणी कळू दिलं नव्हतं.

"पण मी गेलो नाही," कौस्तुभ म्हणाला.

"पप्पांच्या कागदामुळे नाही गेलास."

"ते मला माहीत नाही. गेलो नाही, एवढं माहीत आहे."

ट्रक शेजारून धडधडत जात होते आणि गाडी प्रत्येक वेळी हलत होती. सानिकाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तिला इथे बसवेना आणि पुण्याच्या घरात परत पाऊल टाकावंसं वाटेना. कौस्तुभ हलक्या आवाजात, अगदी मनापासून म्हणाला, "पप्पांकडे सोडू का तुला? शिरवळ इथून जवळ आहे."

सासरी कुणी फसवलं तर बाई जाते कुठे, तर माहेरी. त्याच्याही तोंडून सवयीने तेच आलं. बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच उमगलं आणि तो ओशाळला.

"तिथेही नको," सानिका म्हणाली, आणि शिरवळच्या घरात, केंद्रात, एवढ्या रस्त्याने न आलेलं रडू तिला फुटलं. ती पोटातून, आवाज करून रडली. तिला कुठेच जायचं नव्हतं.

कौस्तुभने इंजिन बंद केलं. स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत तो नुसता गप्प बसून राहिला.

तिने डोळे पुसले आणि त्याच्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. हा माणूस थांबलाय की पळायची वाट बघतोय, तिला काही कळेना.